धर्म शिकवायचा की धर्मांविषयी शिकवायचं?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक नवीच डोकेदुखी सुरू होते. पूर्वी बरं होतं. आर्ट्स, कॉमर्स की सायन्स एवढं ठरलं की आई मोकळी. आता नव्या शैक्षणिक धोरणाचा फॉर्म समोर आला की मुलीपेक्षा आईच जास्त गांगरते. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट... आमच्या बचत गटाच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्यांपेक्षा क्रेडिटचीच चर्चा जास्त रंगते.

हे धोरण २०२० साली आलं. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त कॉलेजांत आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून बाकीच्या कॉलेजांत ते पदवीला लागू झालं. त्यात एक गोष्ट मला मनापासून आवडली. मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा एखादा छोटा विषय घेता येतो. सायन्सची मुलगी संगीत घेऊ शकते, कॉमर्सचा मुलगा मानसशास्त्र. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे साधारण तीस तासिका. शिवाय भारतीय ज्ञानप्रणाली नावाचा भागही अभ्यासक्रमात आला आहे. म्हणजे परंपरा कॉलेजात शिकायची दारं उघडली आहेत. मग माझ्या मनात येतं, याच यादीत 'जगातील धर्मांचा अभ्यास' असा एक पेपर का नसावा?

'अगं बाई, धर्म घरी काय कमी आहे म्हणून कॉलेजात?' हे वाक्य मी गेल्या महिनाभरात किमान दहाजणींकडून ऐकलंय. काहींनी तर डोळेच मोठे केले. मुलगी दुसऱ्याचं शिकायला गेली आणि तिकडचीच झाली तर? ही भीती बोलून दाखवली नाही तरी चेहऱ्यावर दिसते. म्हणून म्हटलं, या विषयावर जरा सविस्तर लिहावं.

मी स्वतः बी.ए.ला मराठी आणि इतिहास घेतला होता. त्यात धर्म किती होता? वारकरी संतांच्या कामगिरीवर पंधरा मार्कांचा प्रश्न, जैन धर्माची तत्त्वे पाच आणि बौद्ध धर्माच्या ऱ्हासाची कारणे सात. गाईडमधून पाठ केली, पेपरात उतरवली, संपला धर्म. इस्लाम आमच्याकडे स्वाऱ्या आणि लढायांतून आला, ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या जहाजांतून. त्यातली माणसं घरात काय करतात, मूल जन्मलं तर काय, माणूस गेलं तर काय, बाईला काय हक्क, याचा त्या गाईडात पत्ता नव्हता.

आता कुणाला वाटेल, ही काहीतरी परदेशी कल्पना असेल. तसं नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच १९४८ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. त्या आयोगानं पदवीच्या तीनही वर्षांचा आराखडाच मांडला होता. पहिल्या वर्षी बुद्ध, कन्फ्यूशियस, झरथुष्ट्र, येशू, शंकराचार्य, महंमद पैगंबर, कबीर, नानक, गांधीजी अशा थोरांची चरित्रं. दुसऱ्या वर्षी जगातल्या धर्मग्रंथांतले निवडक उतारे. तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मुख्य प्रश्न. पुढे १९५९ साली नेमलेल्या श्रीप्रकाश समितीनं पदवीला निरनिराळ्या धर्मांचा सर्वसाधारण अभ्यास असावा असं सुचवलं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं तर नेमका फरक सांगितला, की एखाद्या धर्माचं शिक्षण देणं वेगळं आणि धर्मांविषयी शिक्षण देणं वेगळं. तीन-तीन वेळा शहाण्या माणसांनी सांगितलं आणि कागद कपाटात गेले.

का गेले, तर घटनेचं नाव पुढे केलं जातं. 'आपल्या घटनेत कॉलेजात धर्म शिकवायला बंदी आहे' असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी ठणकावून सांगितलं. घटनेचं अठ्ठाविसावं कलम काय सांगतं? पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, अशा शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवायचं नाही. इथे धार्मिक शिक्षण म्हणजे एका धर्माची दीक्षा, पूजा, उपासना शिकवणं. शालेय अभ्यासक्रमाच्या निमित्तानं हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सप्टेंबर २००२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की धर्मांचा अभ्यास या कलमाच्या आड येत नाही. अमेरिकेतही १९६३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं असंच काहीसं म्हटलं. सरकारी शाळेत प्रार्थना म्हणून बायबल वाचून घेता येणार नाही, पण अभ्यास म्हणून धर्म शिकवायला हरकत नाही. त्यानंतर तिथल्या सरकारी विद्यापीठांत हा विषय झपाट्यानं वाढला.

आपल्या भाषेत सांगायचं तर नमाज पढायला शिकवणं हे मदरशाचं काम. ती दिवसातून पाच वेळा का, कोणत्या दिशेला तोंड करून, त्यात काय म्हणतात, हे सांगणं मात्र कॉलेजचं काम असू शकतं. सत्यनारायण घालणं घरी, आणि सत्यनारायणाच्या कथेत साधुवाणी, लाकूडतोड्या अशी माणसं का येतात, याचा विचार वर्गात.

देशात हे कुठेच होत नाही असंही नाही. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ पासून धर्म-अध्ययनाचा विभाग आहे, त्यात शीख धर्माबरोबर इतर धर्मही शिकवतात. दिल्लीच्या जामिया मिलियामध्ये धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासाचं केंद्र आहे. प्राध्यापक होण्यासाठी जी नेट परीक्षा देतात, त्यातही 'धर्मांचा तुलनात्मक अभ्यास' हा विषय आहे. बनारस हिंदू विद्यापीठात २०२२ च्या सुरुवातीला हिंदू अध्ययनाचं एम.ए. सुरू झालं. २०२४ मध्ये जेएनयूनं हिंदू, बौद्ध आणि जैन अध्ययनाची केंद्रं जाहीर केली. चांगलंच आहे, आपल्या परंपरेचा नीट अभ्यास व्हायलाच हवा. पण हे सगळं बहुतेक एम.ए.च्या पातळीवर आणि मोठ्या शहरांत. शिवाय वेगवेगळ्या केंद्रांत वेगवेगळा धर्म, म्हणजे ज्याची त्याची खोली वेगळी. मला हवा आहे तो एकच वर्ग, तालुक्याच्या गावातला, बी.ए., बी.कॉम.च्या पोरींनी भरलेला.

आणि या विषयाला मराठी मुळंही चांगली खोल आहेत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करायला. जमखंडीसारख्या संस्थानातून गेलेला हा मुलगा. १९०३ मध्ये परत आले आणि १९०६ साली त्यांनी अस्पृश्यता निवारणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. त्यांची बहीण जनाक्का या कामात बरोबरीनं उभी राहिली, हे आपण बायकांनी तरी विसरू नये. जगातले धर्म शिकून आलेला माणूस आपला धर्म सोडून पळाला नाही, आपल्या समाजाच्या सर्वांत खालच्या पायरीवर जाऊन बसला. पुढे बडोद्याला सयाजीराव महाराजांनी कॉलेजात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास शिकवायला विजरी नावाचे इंग्रज प्राध्यापक आणले होते. डॉ. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला घोषणा केली आणि दीक्षा घेतली १९५६ मध्ये. मधली एकवीस वर्षं त्यांनी धर्मांचा अभ्यास केला.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट महात्मा फुल्यांची. १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' छापलं गेलं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. घरातल्या बाईनं वाचून, विचार करून बौद्ध धर्म घ्यावा, नवऱ्यानं बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीनं कुराण वाचून इस्लाम, मुलानं सत्यधर्म, आणि तरी सगळ्यांनी एका घरात प्रेमानं राहावं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं, यांच्या घरी स्वयंपाक काय होत असेल! हसू नका. पण बघा, प्रत्येकानं वाचून मग ठरवायचं आहे आणि वाचणाऱ्यांत पहिली बाई आहे.

आता हा अभ्यास करायचा म्हणजे नक्की काय? इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात १९६७ साली निनियन स्मार्ट नावाच्या प्राध्यापकांनी हा विभाग सुरू केला. त्यांचं म्हणणं असं, की धर्म म्हणजे नुसती श्रद्धा किंवा पोथी नव्हे. त्याला विधी असतात, कथा असतात, अनुभव असतो, तत्त्व असतं, नीतिनियम असतात, माणसांची संघटना असते आणि डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू असतात. आपली वारी घ्या. पायी चालणं आणि रिंगण हा विधी, पुंडलिकाची कथा, चंद्रभागेवर डोळे भरून येतात तो अनुभव, माळकऱ्यानं मांस-मद्य सोडायचं ही नीती, दिंड्या आणि फड ही संघटना, तुळशीची माळ ही वस्तू. याच नजरेनं मग रमजानकडे पाहा, नाताळकडे पाहा, पर्युषणाकडे पाहा. परकं वाटणारं पुष्कळ ओळखीचं दिसायला लागतं. आणि ओळखीचं वाटणारंही कधी कधी परकं दिसतं, तेही बरंच.

मला विचाराल तर मी पहिली तासिका उपासावर घेईन. उपास हा आपला हातखंडा विषय! आपल्या एकादशीला साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची चालते. गंमत म्हणजे हे सगळे जिन्नस मुळात अमेरिका खंडातले, पोर्तुगीज वगैरेंच्या जहाजांतून इकडे आले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोसुद्धा. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात साबुदाण्याची खिचडी असणं शक्यच नव्हतं. रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही नाही. पण आजारी माणूस, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई यांना सवलत आहे. पाळीच्या दिवसांत तर बाईनं रोजा धरायचाच नाही, ते दिवस नंतर भरून काढायचे. जैनांच्या पर्युषणात कितीतरी बायका आठ-आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर राहतात आणि शेवटी सगळ्यांची क्षमा मागतात. वसई-गोव्याकडचे ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस व्रतस्थ राहतात. ज्यू लोकांचा योम किप्पूर हा दिवसही उपासाचा आणि क्षमेचा. आपल्या कोकणात शेकडो वर्षं राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. एवढ्या एका उपासात देह आहे, पाप-पुण्य आहे, क्षमा आहे, शेती आणि व्यापारही आहे. सांगा, तीस तासिका पुरतील?

यावर काही भल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं, 'सगळे धर्म सारखेच, सगळे चांगलंच शिकवतात.' गावात कार्यक्रम होतो, व्यासपीठावर प्रत्येक धर्माचे एकेक प्रतिनिधी बसतात, सगळे पुरुष, आणि समईवर काडी लावून होते. मला हे पुरेसं वाटत नाही. सगळे सारखेच असतील तर शिकायचं काय? फरक आहेत आणि ते मोठे आहेत. कुणी पुनर्जन्म मानतं, कुणी नाही. कुणी मूर्ती पूजतं, कुणाला ती वर्ज्य. बुद्धानं तर जगाचा कर्ता ईश्वर गृहीत धरला नाही. फरक माहीत असूनही शेजारी नीट राहता आलं पाहिजे, मुद्दा हा आहे. दुसऱ्या टोकाचे लोक तुलना म्हणजे गुणपत्रिका समजतात, आमच्या धर्माला शंभरपैकी पंच्याण्णव, बाकीचे काठावर पास. तोही अभ्यास नव्हे.

मग शिकवणाऱ्यानं कसं शिकवायचं? लाहोरला काही वर्षं शिकवलेले विल्फ्रेड कँटवेल स्मिथ नावाचे कॅनडाचे अभ्यासक होते. त्यांचा दंडक असा, की एखाद्या धर्माविषयी तुम्ही जे सांगाल ते त्या धर्माच्या माणसाला 'हो, हे आमचंच' असं वाटलं पाहिजे. ऐकायला फार छान. तरी बाई म्हणून मला इथे एक प्रश्न पडतो. तो माणूस म्हणजे कोण? पुजारी की पायरीशी अडवलेली बाई? मौलवी की तलाकचा शब्द ऐकून माहेरी परतलेली पोर?

आपल्याच राज्यातलं बघा. शनिशिंगणापूरचा चौथरा ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी बायकांना खुला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत बायकांना जाऊ द्या असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं दिला आणि नोव्हेंबरमध्ये त्या आत गेल्या. एक देऊळ, एक दर्गा, प्रश्न एकच. 'आमच्या धर्मात हे असंच आहे' असं दोन्हीकडे सांगितलं जात होतं आणि 'आम्हीही याच धर्माच्या आहोत' असं दोन्हीकडच्या बायका म्हणत होत्या. २०१८ साली शबरीमलाचा निकाल चार विरुद्ध एक असा लागला, आणि वेगळं मत देणाऱ्या एकट्या न्यायमूर्ती म्हणजे इंदू मल्होत्रा, खंडपीठातल्या एकमेव महिला. पोरींना वर्गात यावर बोलू द्या. बौद्ध भिक्खुणींच्या 'थेरीगाथा', महानुभाव महदाइसेचे धवळे, बसऱ्याची राबिया, पंडिता रमाबाई... बायकांनी धर्मात काय शोधलं आणि काय नाकारलं हे वाचू द्या. दुर्गाबाई भागवतांनी बौद्ध संघाच्या नियमांवर प्रबंध लिहिला, तो १९३९ मध्ये छापून आला. पंचाऐंशीहून जास्त वर्षं झाली त्याला!

आता आयांचा खरा प्रश्न, 'याचा उपयोग काय?' बरोबर आहे, फी आपण भरतो. आपल्या कितीतरी मुली नर्सिंगला जातात. वॉर्डात जैन आजी सूर्यास्तानंतर जेवणार नाहीत, मधुमेहाच्या चाचा रोजा सोडायला तयार नाहीत, इन्सुलिनची वेळ कशी जमवायची हे त्या पोरीनं कुठे शिकायचं? माणूस गेलं की आणखी कठीण. मुस्लिम बाईच्या मय्यतला आंघोळ बायकाच घालतात. लातूर-सोलापूरकडच्या लिंगायत समाजात दहन नाही, दफन असतं. करोनाच्या सुरुवातीला, ३० मार्च २०२० ला, मुंबई महापालिकेनं सगळ्या मृतांचं दहनच करावं असं परिपत्रक काढलं आणि काही तासांतच त्यात बदल करावा लागला. ऐन संकटात अशा गोष्टी शिकायला वेळ नसतो. वकिली करणाऱ्या मुलीला मेहेर, खुला, हिंदू वारसा कायदा कळायला हवा. वेरूळला गाइड व्हायचं तर बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन लेणी एकाच डोंगरात का, हे सांगता यायला हवं.

आणि नोकरी बाजूला ठेवा. आमच्या गल्लीत वीसेक वर्षं एक चुडीवाली भाभी यायची. डोहाळजेवण असो, लग्न असो, हिरवा चुडा तिच्याच हातचा. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मोबाइलवर एक मेसेज फिरला आणि दीड-दोन महिने तिला कुणी दारात बोलावलं नाही. मी घरोघर जाऊन विचारलं, की तिच्या धर्माविषयी तुम्हाला काय माहीत आहे? शीरखुर्म्याच्या पलीकडे एकीलाही सांगता आलं नाही. यात पदवीधर होत्या, एक बी.एड. होती. भाभीनं त्या दिवसांत बांगड्यांचा डबा विकून शिलाई मशीन घेतलं. आता ती येत नाही.

शिकल्यानं असे मेसेज थांबतील असं मी म्हणत नाही. शिकलेलेच ते पुढे ढकलतात. पण वर्गात शेजारी बसून तीस तास या गोष्टी बोललेली मुलगी निदान 'हे खरं आहे का?' असं विचारेल, एवढी आशा मला आहे.

अडचणी खऱ्या आहेत. शिकवणार कोण? आमच्याकडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान विषयच विद्यार्थी नाहीत म्हणून बंद झाला. तिथल्या सरांना भीती वाटते, की वर्गातलं एखादं वाक्य कुणी मोबाइलवर टिपलं आणि बाहेर नेलं तर? ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच हा पेपर सक्तीचा नको, ऐच्छिकच हवा. एकट्या सरांवर न टाकता इतिहास, मराठी, पाली, संस्कृत, उर्दू असे जे कोणी प्राध्यापक असतील त्यांनी मिळून तो शिकवावा. तीसपैकी सहा-सात तासिका प्रत्यक्ष जाऊन पाहण्याच्या असाव्यात, देऊळ, मशीद, विहार, चर्च, गुरुद्वारा, जैन मंदिर. आपल्या बहुतेक तालुक्यांत यातली तीन-चार तरी ठिकाणं चालत जाण्याच्या अंतरावर सापडतील. परीक्षेला पाठांतराचे प्रश्न नकोत, नाहीतर पुन्हा ऱ्हासाची कारणे सात.

आम्ही चौघी-पाचजणी गेल्या आठवड्यात कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून आलो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि व्यवहाराचं बोलले. नवा पेपर विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडून मंजूर व्हावा लागतो, विद्यार्थ्यांची मागणी लेखी हवी, पुरेशी पटसंख्या हवी. मागणी अर्ज बचत गटाच्या वहीतच लिहायला घेतलाय. पहिल्या दिवशी अकरा मुलींच्या सह्या झाल्या, त्यातल्या दोघींच्या आया अजून तयार नाहीत. रविवारी दुपारी त्यांच्याकडे जायचं आहे.